माप खरं, पण जोर बेताचा: हॅम रेडिओला बाहेरून संदर्भ देताना

आपल्या रेडिओवरच्या गप्पांत आजवर आपण कर्जाच्या हप्त्यांबद्दल बोललो, धान्याच्या कोठ्यांबद्दल बोललो, मुलींच्या शिक्षणाबद्दल बोललो. आज मात्र रेडिओवरून रेडिओबद्दलच बोलणार आहोत. त्याला कारणही तसंच आहे.

सौर दिवे जोडायला शिकलेल्या आपल्या गटांतल्या मैत्रिणींकडे एक नवं काम आलं आहे. तालुक्याच्या गावी काही हौशी रेडिओवाले आहेत. त्यांना सगळे 'हॅम' म्हणतात. सरकारी परवाना काढून ते स्वतःच्या सेटवरून दूरदूरच्या माणसांशी बोलतात. त्यांनी आपल्याकडे पत्र्याच्या छोट्या डब्या मागितल्या आहेत. डबीत तीन रेझिस्टर, एक कपॅसिटर आणि दोन्ही टोकांना एकेक सॉकेट, एवढंच. हात बसलेल्या बाईला तासाभराचं काम. पण ही डबी ज्या सेटला लागणार, त्याची किंमत लाखाच्या पुढे आहे. डबी चुकीची निघाली तर त्या सेटच्या आतला नाजूक भाग जळू शकतो. मग डबीची मजुरी तर जाईलच, गटाचं नावही जाईल. म्हणून आम्ही समन्वयिकांनी ठरवलं, की ही डबी नेमकं काय करते हे करणाऱ्या प्रत्येकीला कळल्याशिवाय एकही डबी बाहेर पाठवायची नाही. बैठकीत जे समजावून घेतलं, तेच आज सगळ्यांसाठी सांगतो.

संदर्भ म्हणजे काय?

दुकानदाराच्या वजनांवर वजनमापे खात्याचा शिक्का असतो. तो कशासाठी? वजनं झिजतात, म्हणून ती अधूनमधून एका खऱ्या, प्रमाण वजनाशी ताडून बघावी लागतात. ते प्रमाण वजन म्हणजे संदर्भ.

रेडिओतही असंच मोजमाप असतं, फक्त ते वजनाचं नसतं, ठोक्यांचं असतं. आपल्याकडची बरीच सामुदायिक केंद्रं ९०.४ मेगाहर्ट्झवर लागतात. याचा अर्थ, त्या केंद्राची लहर एका सेकंदात ९ कोटी ४ लाख वेळा वरखाली होते. यालाच फ्रिक्वेन्सी म्हणतात, पुस्तकात वारंवारता. सेटला हे ठोके मोजायला आतमध्ये एक वजन लागतं. ते म्हणजे क्वार्ट्झ नावाच्या स्फटिकाची बारीक चकती. विजेवर ती ठरावीक वेगाने थरथरते आणि सेट बाकी सगळे आकडे तिच्यावरून काढतो. आपल्या भिंतीवरच्या घड्याळातही हेच क्वार्ट्झ असतं.

पण स्फटिक उन्हाने, थंडीने, वयाने थोडा बदलतो. चूक अगदी लहान असते, दहा लाखांत एक किंवा त्याहून कमी. आपल्याला वाटेल, एवढ्याने काय बिघडतं? घरातल्या रेडिओचं काहीच बिघडत नाही. पण गुणाकार केला की चित्र बदलतं.

घराघरावरच्या डिश टीव्हीचंच उदाहरण घ्या. डिशच्या समोर दांडीवर जो डबा असतो, त्याला एलएनबी म्हणतात. आजच्या अनेक एलएनबींमध्ये २५ मेगाहर्ट्झचा स्फटिक असतो आणि आतली यंत्रणा त्याला ३९० ने गुणून ९,७५० मेगाहर्ट्झ करते. स्फटिक दहा लाखांत एकाने चुकला, तर गुणाकारानंतर ती चूक ९,७५० ठोक्यांची होते. टीव्हीचा सिग्नल इतका रुंद असतो, की त्याला याचं सोयरसुतक नसतं. पण हॅम लोकांचा आवाज फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात साधारण २,७०० ठोक्यांएवढीच जागा घेतो. म्हणजे बोलणारा जिथे आहे, तिथून तीन-चार घरं पुढे आपण त्याला शोधत बसणार.

हे कल्पनेतलं नाही. कतार देशाचा एस-हेल-२ हा उपग्रह नोव्हेंबर २०१८ मध्ये आकाशात गेला. त्याच्यावर हॅम लोकांसाठी खास सोय आहे. आपल्या महाराष्ट्रातून तो पश्चिमेला, थोडा नैऋत्येकडे, क्षितिजापासून साधारण ३० अंश वर असतो. तो दिसत नाही, पण डिश तिकडे वळवली की ऐकू येतो. दुपारच्या उन्हात एलएनबी तापला की आवाज सरकायला लागतो, आणि ऐकणारा सारखी घुंडी फिरवत बसतो.

खरं वजन आणायचं कुठून?

यावर उपाय म्हणजे सेटला बाहेरून एक खरं वजन देणं. जीपीएसच्या उपग्रहांत अणुघड्याळं असतात. १९६७ पासून जगाने सेकंदाची व्याख्याच सीझियम या धातूच्या अणूवरून केली आहे. त्या अणूचे ९,१९,२६,३१,७७० ठोके म्हणजे एक सेकंद. ही घड्याळं घेऊन उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. आपल्या मोबाइलचा नकाशा त्यांच्याच वेळेवर चालतो.

हॅम लोक एक छोटं यंत्र वापरतात, त्याला जीपीएसडीओ म्हणतात. त्यात जीपीएसचा रिसीव्हर असतो आणि एक चांगला स्फटिक असतो. उपग्रहांच्या वेळेवरून रिसीव्हर दर सेकंदाला एक ठोका देतो. यंत्र त्या ठोक्याशी आपला स्फटिक ताडून बघतं. पुढे गेला तर मागे ओढतं, मागे राहिला तर पुढे ढकलतं. म्हणजे स्फटिक आपल्या घरचाच, पण त्याला शिस्त लावणारं घड्याळ आकाशातलं. या यंत्रातून बहुधा १० मेगाहर्ट्झचा सिग्नल बाहेर येतो. १० मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला बरोबर एक कोटी ठोके.

चांगल्या हॅम सेटच्या पाठीमागे हा सिग्नल घ्यायला एक वेगळं सॉकेट असतं. त्यावर 'रेफ इन' असं लिहिलेलं असतं. जीपीएसडीओची वायर त्यात लावायची, म्हणजे सेटला खरं वजन मिळालं. ऐकायला सोपं वाटतं. आपल्या डबीचं काम नेमकं इथेच सुरू होतं.

खरेपणा वेगळा, जोर वेगळा

आजच्या सगळ्या बोलण्यातली ही एक गोष्ट लक्षात ठेवली, तरी पुष्कळ झालं. सिग्नल किती खरा आहे हा एक प्रश्न, आणि तो किती जोराने येतो आहे हा दुसरा. पहिल्याचं उत्तर चांगलं असलं म्हणून दुसऱ्याचं आपोआप चांगलं होत नाही.

ठिबक सिंचन आठवून बघा. विहिरीचं पाणी कितीही गोड असलं, तरी पंपाचा पूर्ण दाब थेट ठिबकच्या बारीक नळ्यांत सोडला तर जोड निसटतात, नळी फुटते. दाब फारच कमी ठेवला तर शेवटच्या झाडापर्यंत थेंब पोचत नाही. पाणी चांगलं आहे की नाही हे चाखून कळतं, दाब मात्र गेजवर बघावा लागतो आणि व्हॉल्व्हने बेताचा करावा लागतो. आपली डबी म्हणजे हा व्हॉल्व्ह. ती सिग्नलच्या एक कोटी ठोक्यांना हात लावत नाही, फक्त त्यांचा जोर उतरवते.

जोर जास्त झाला तर काय होतं? सेटच्या आत त्या सॉकेटला लागून एक नाजूक चिप असते. ती तापू शकते, खराब होऊ शकते. चिप वाचली, तरी जोरदार सिग्नल सेटच्या आत इकडेतिकडे पाझरतो. मग १०, २०, ३० मेगाहर्ट्झवर, जिथे कोणी बोलत नसतं तिथे खोट्या शिट्ट्या ऐकू येतात. जोर कमी पडला तर सेटला संदर्भ आल्याचं कळतच नाही आणि तो मुकाट्याने आपल्या जुन्या स्फटिकावर चालत राहतो. किंवा संदर्भ घेतो, पण खरखरीसकट घेतो. ती खरखरही गुणाकाराने वाढते आणि वरच्या फ्रिक्वेन्सीवरचा आवाज गढूळ होतो.

डीबीएमची भाषा

हा जोर मोजायचं माप म्हणजे डीबीएम. नावाला घाबरू नका. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॅट, वॅटचा हजारावा भाग. घरात अर्ध्या वॅटचा झिरो बल्ब असतो ना, त्याचा पाचशेवा भाग. आता एवढंच लक्षात ठेवा: ताकद दहापट झाली की १० डीबी मिळवायचे, दहावा भाग झाली की १० डीबी वजा करायचे. दुप्पट झाली तर साधारण ३ मिळवायचे, निम्मी झाली तर ३ वजा. उणे आकडा म्हणजे सिग्नल नाही असं नाही. एक मिलिवॅटपेक्षा कमी आहे, एवढाच त्याचा अर्थ. हिमालयात पारा शून्याखाली गेला म्हणजे हवामान संपत नाही, तसंच.

आपल्या कामाचे चार आकडे वहीत उतरवून घ्या. हे सगळे ५० ओहमच्या जोडणीसाठी आहेत, कारण हॅम लोकांची बहुतेक यंत्रं त्याच मापाची असतात. शेवटचा व्होल्टचा आकडा लहरीच्या खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंतचा आहे.

- अधिक १३ डीबीएम: २० मिलिवॅट, २.८ व्होल्ट
- अधिक १० डीबीएम: १० मिलिवॅट, २ व्होल्ट
- शून्य डीबीएम: १ मिलिवॅट, ०.६३ व्होल्ट
- उणे १० डीबीएम: ०.१ मिलिवॅट, ०.२ व्होल्ट

आता खरं उदाहरण घेऊ. आपल्याकडे काम घेऊन आलेल्यांपैकी एकांकडे आयकॉम कंपनीचा आयसी-९७०० हा सेट आहे. तो १४४, ४३० आणि १२०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत चालतो. त्याच्या संदर्भाच्या सॉकेटला १० मेगाहर्ट्झचा सिग्नल लागतो आणि जोर साधारण उणे १० डीबीएम. त्यांच्या जीपीएसडीओतून मात्र अधिक १० डीबीएम बाहेर येतो. अधिक १० पासून उणे १० पर्यंत उतरायचं म्हणजे २० डीबी कमी करायचे. ताकदीत बघितलं तर हा जोर हवा त्याच्या शंभरपट आहे, व्होल्टमध्ये दहापट. वायर थेट लावली असती, तर ठिबकच्या नळीला अख्खा पंप जोडल्यासारखं झालं असतं.

म्हणून दोन आकडे आधी विचारायचे. यंत्र किती देतं? सेट किती मागतो? दोन्ही त्यांच्या त्यांच्या पुस्तिकेत लिहिलेले असतात. दोन्हींमधला फरक म्हणजे आपली डबी. प्रत्येक सेटची मागणी सारखी नसते. काही सेट शून्य डीबीएमच्या आसपास मागतात, काही जास्तही सोसतात. त्यामुळे एकीसाठी केलेली डबी दुसऱ्या सेटला विचारल्याशिवाय देऊ नका.

डबीच्या आत

डबीतली मांडणी अशी. मधून एक रेझिस्टर आडवा जातो, आत येणाऱ्या सॉकेटच्या मधल्या पिनपासून बाहेर जाणाऱ्या सॉकेटच्या मधल्या पिनपर्यंत. त्याच्या दोन्ही टोकांपासून एकेक रेझिस्टर खाली डबीच्या पत्र्याला, म्हणजे ग्राउंडला जातो. दारासारखी आकृती दिसते, वर आडवी चौकट आणि दोन बाजूंना दोन खांब.

२० डीबीसाठी हिशेबाने खांब ६१.१ ओहमचे आणि चौकट २४७.५ ओहमची येते. असे आकडे दुकानात मिळत नाहीत. ६२ ओहमचे दोन आणि २४० ओहमचा एक घ्या. त्यांनी १९.७ डीबी उतरतात आणि दोन्ही बाजूंनी जवळजवळ ५० ओहमच दिसतं. एवढा फरक सेटला जाणवणारही नाही.

चार पट्ट्यांचा रेझिस्टर असेल तर ६२ ओहमवर निळा, लाल, काळा हे रंग दिसतील. २४० वर लाल, पिवळा, तपकिरी. चौथी पट्टी सोनेरी. पाव वॅटचे रेझिस्टर पुरेसे आहेत, कारण इथे १० मिलिवॅटच येतात आणि पाव वॅट म्हणजे २५० मिलिवॅट. मात्र तार गुंडाळलेले जाड रेझिस्टर घेऊ नका. सेकंदाला कोटी ठोके असले की तारेची गुंडाळी स्वतःच अडथळा करते. साधे कार्बन फिल्म किंवा मेटल फिल्म घ्या आणि पाय जितके आखूड ठेवता येतील तितके ठेवा. सौर दिव्यात लांब पाय चालून जातात, इथे नाही.

काही जणांना १० डीबीचीच डबी लागेल, म्हणजे यंत्र शून्य देतं आणि सेट उणे १० मागतो. तिथे खांब १०० ओहमचे आणि चौकट ६८ ओहमची. १०० वर तपकिरी, काळा, तपकिरी. ६८ वर निळा, राखाडी, काळा.

कपॅसिटर कशाला? काही यंत्रांच्या सिग्नलबरोबर थोडी बॅटरीसारखी स्थिर वीजही बाहेर येते. ती सेटमध्ये जायला नको. ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, ज्यावर १०४ छापलेलं असतं, तो आत येणाऱ्या पिन आणि पहिल्या खांबाच्या मध्ये लावायचा. तो स्थिर वीज अडवतो आणि कोटी ठोके मोकळे जाऊ देतो.

डबी तपासायची कशी?

इथे क्रम महत्त्वाचा आहे. कपॅसिटर लावण्याआधी मल्टीमीटरने मोजा, कारण तो एकदा बसला की त्या बाजूने मीटरला काहीच दिसत नाही. दुसरीकडे काही जोडलेलं नसताना २० डीबीच्या डबीत तीन रीडिंग घ्यायची.

- आतल्या पिनेपासून पत्र्यापर्यंत: साधारण ५१ ओहम
- बाहेरच्या पिनेपासून पत्र्यापर्यंत: साधारण ५१ ओहम
- पिनेपासून पिनेपर्यंत: साधारण ८२ ओहम

दोन-तीन ओहम इकडेतिकडे चालतील. पण पिनेपासून पिनेपर्यंत १२४ आले, तर मधल्या चौकटीचा डाख कच्चा आहे. तिथेच २४० आले, तर एक खांब पत्र्याला लागलेला नाही. कोणता, तेही कळतं: ज्या पिनेपासून पत्र्यापर्यंत ३०० च्या आसपास दिसेल, त्या बाजूचा. आणि कुठेही शून्य आलं, तर डाखाचा थेंब सांडून दोन जागा चिकटल्या आहेत. म्हणजे डबी न उघडता दोष कुठे आहे हे आकडा सांगतो. १० डीबीच्या डबीत हेच आकडे पिनेपासून पत्र्याला ६३ च्या आसपास आणि पिनेपासून पिनेला ५१ च्या आसपास येतात.

नंतर कपॅसिटर लावायचा आणि खऱ्या सिग्नलवर तपासायचं. त्यासाठी ऑसिलोस्कोप लागतो, तो हॅम मंडळींकडे आहे. इथे एक मोठी गफलत होऊ शकते. ठिबकचा व्हॉल्व्ह बंद ठेवून गेज बघितला तर दाब जास्त दिसतो, पाणी वाहायला लागलं की खरा दाब कळतो. तसंच इथेही आहे. जीपीएसडीओची वायर स्कोपला नुसती लावली, तर अधिक १० डीबीएमचे २ व्होल्ट दिसायच्या ऐवजी जवळजवळ ४ दिसतात. म्हणून स्कोपच्या तोंडाशी ५० ओहमचा भार लावूनच मोजायचं. भार लावल्यावर डबीच्या आधी २ व्होल्ट आणि डबीच्या नंतर ०.२ व्होल्ट दिसले, तर डबी पास.

चौकोनी लहर आणि वाटणी

स्वस्त जीपीएसडीओंपैकी काहींतून गोल वळणाची लहर येत नाही, चौकोनी येते, शून्य ते ३.३ व्होल्ट अशी पायरीसारखी. चौकोनी लहर म्हणजे १० मेगाहर्ट्झबरोबर ३०, ५०, ७० अशी तिची पिल्लंही आली. ५० मेगाहर्ट्झपासून तर हॅमचा एक पट्टाच सुरू होतो. अशा यंत्रासाठी डबीच्या आधी एक फिल्टर लावतात, जो १० ला वाट देतो आणि वरच्यांना अडवतो. त्या लहरीचा जोर पुस्तिकेतल्या व्होल्टवरून अंदाजाने काढू नका. ५० ओहमच्या भारावर मोजून मगच डबी ठरवा. आणि स्थिर वीज अडवणारा कपॅसिटर अशा यंत्राला विसरून चालणारच नाही.

कधी उलटही होतं. एकाच जीपीएसडीओतून दोन-चार सेटना संदर्भ द्यायचा असतो. दोघांत वाटणी केली की प्रत्येकाला निम्मी ताकद, म्हणजे ३ डीबी कमी आणि थोडी वाटणीची तूट. चौघांत केली तर ६ डीबीपेक्षा थोडं जास्त. मग आपल्या डबीने तेवढं कमी उतरवायचं. अधिक १० वाल्या यंत्राची चौघांत वाटणी झाली, तर प्रत्येकाकडे साधारण अधिक ३ पोचतात. उणे १० मागणाऱ्या सेटला तिथे २० ची नव्हे, १३ च्या आसपासची डबी लागते. वायरीची मात्र फार काळजी नको. १० मेगाहर्ट्झला आरजी-५८ सारख्या केबलच्या दहा मीटरमध्ये साधारण अर्धाच डीबी जातो.

बैठकीत आलेले प्रश्न

एका ताईंनी विचारलं, २० ची डबी नसेल तर १० च्या दोन डब्या एकापुढे एक लावल्या तर? चालतं. डीबीची हीच सोय आहे, बेरीज-वजाबाकीवर काम भागतं. १० आणि १० मिळून २०.

दुसरीने विचारलं, नुसता एकच मोठा रेझिस्टर वायरीत घातला तर जोर कमी होणार नाही का? होईल. पण मग जीपीएसडीओला समोर ५० ओहम दिसणार नाही आणि सेटलाही मागे ५० दिसणार नाही. सिग्नल काही अंशी परत फिरतो आणि नेमका किती उतरला ते सांगता येत नाही. तीन रेझिस्टरांची चौकट दोन्ही बाजूंना मान देते.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा होता. ही डबी कोणी चुकून अँटेनाच्या वायरीत लावली तर? अँटेनाच्या सॉकेटमधून बोलताना ५० किंवा १०० वॅट बाहेर पडतात. आपली डबी पाव वॅटच्या रेझिस्टरांची. क्षणात धूर निघेल आणि सेटलाही धोका. म्हणून प्रत्येक डबीवर ठळक अक्षरांत चार गोष्टी लिहायच्या: १० मेगाहर्ट्झ, किती डीबी, ५० ओहम, आणि 'फक्त संदर्भासाठी, अँटेनाला लावू नये'. कोणती बाजू आत आणि कोणती बाहेर, याचा बाणही काढायचा. लेबल नसलेली डबी आपण देणार नाही.

चौथीने विचारलं, हे सगळं प्रत्येक हॅमला लागतंच का? नाही. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली, तेव्हा दिल्लीच्या हॅम भारती प्रसाद आपल्या साथीदारांसह पोर्ट ब्लेअरला होत्या. फोन बंद पडले आणि त्यांच्या हौशी रेडिओवरून अंदमानातल्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर पोचली. अशा साध्या आवाजाच्या संपर्काला सेटचा स्वतःचा स्फटिक पुरतो. बाहेरचा संदर्भ लागतो तो वरच्या फ्रिक्वेन्सीवर, उपग्रहावर आणि फार क्षीण सिग्नल पकडताना. ज्याला गरज नाही त्याला आपण डबी विकायची नाही. आणि ज्याला गरज आहे त्याची डबी चुकीची निघाली, तर ऐन वेळी त्याचा सेट मुका होईल, याची जाण ठेवूनच काम करायचं.

आपली कामाची पद्धत

आता गटासाठी ठरलेला क्रम सांगतो. मागणी आली की वहीत आधी तीन ओळी: यंत्राचं नाव आणि ते किती डीबीएम देतं, सेटचं नाव आणि तो किती मागतो, लहर गोल की चौकोनी. ग्राहकाला माहीत नसेल तर पुस्तिकेचं पान मागून घ्यायचं, तोंडी अंदाजावर काम घ्यायचं नाही. मग फरक काढायचा आणि तो आकडा दोघींनी वेगवेगळा काढून ताडून बघायचा. जोडणी एकीने करायची, मीटरची तीन रीडिंग दुसरीने घ्यायची आणि डबीच्या क्रमांकासमोर वहीत लिहायची. रेझिस्टर रुपया-दोन रुपयांचे असतात, खर्च मुख्यतः सॉकेटांचा आणि पत्र्याच्या डबीचा. त्यामुळे शंका आली तर रेझिस्टर बदलायला कचरायचं नाही.

ग्राहकालाही दोन गोष्टी सांगायच्या. सेट बंद असताना डबी जोडा, आणि जीपीएसडीओचा 'लॉक' दिवा लागल्यावरच संदर्भावर भरवसा ठेवा. त्या यंत्राला उपग्रह सापडायला आणि गरम व्हायला वेळ लागतो. आयसी-९७०० सारख्या सेटमध्ये त्यानंतर मेन्यूत जाऊन बाहेरच्या संदर्भाशी जुळवून घ्यायलाही सांगावं लागतं. नुसती वायर लावून भागत नाही.

मैत्रिणींनो, सौर दिव्याचं काम आपण हाताने शिकलो. या डबीचं काम हाताने आणि हिशेबाने करायचं आहे, आणि हिशेब तर बचत गटातल्या बाईच्या अंगवळणी पडलेला असतो. येणं किती, देणं किती, मधला फरक किती. इथे रुपयांऐवजी डीबी आहेत, एवढंच. ज्यांना सोल्डरिंग येतं आणि हे काम शिकायचं आहे, त्यांनी आपल्या गटाच्या अध्यक्षांकडे नाव द्यावं. येताना वही आणि चष्मा विसरू नका, रेझिस्टरवरच्या पट्ट्या फार बारीक असतात. भेटूया पुढच्या गप्पांत. नमस्कार.